शास्त्रीजींची शिंक

रामघाटाच्या गल्लीत बिंदुमाधवशास्त्रींच्या आधी त्यांची शिंक पोचायची. धुराची ॲलर्जी, आणि व्यवसाय भिक्षुकीचा! देवालाही थट्टा करायला हाच माणूस सापडला. त्यात संकल्पाच्या मध्येच शिंक आली, की हातातलं पाणी सोडा, आचमन करा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. यजमान नुसते चुळबुळत बसायचे.

त्यांची बायको शरदिनी हात धुऊन त्या शिंकेच्या मागे लागली होती. जलनेती झाली, नाकात तुपाचे थेंब झाले, ओव्याची पुरचुंडी झाली. शिंक ऐकू आली रे आली, की स्वयंपाकघरातून हाक यायची, "अहो, काढा चढवू का?" डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा दिला, धुरापासून लांब राहा म्हणाले, आणि गोळ्या दिल्या; त्याही रात्रीच घ्या, झोप येते, असं बजावून. शास्त्रींनी गोळ्या फडताळात टाकल्या. त्यांना काढाच बरा वाटायचा.

शरदिनी गेली, तसा काढाही गेला. शास्त्री रोज सकाळीच गोळी घेऊ लागले. शिंका थांबल्या. डोक्यात कापूस कोंबल्यासारखं व्हायचं, पण त्यांना ते चालत होतं. रडू तर तेव्हापासून आलंच नव्हतं.

मूलबाळ नव्हतं, म्हणून वर्षश्राद्धाला तेच बसले. तिच्या श्राद्धात तरी संकल्प मोडू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्या सकाळी त्यांनी एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या. श्राद्ध सांगणारे नीलकंठ गुरुजी म्हणाले, "शास्त्रीजी, आता पिंडाचा वास घ्या." त्यांनी हात नाकाशी नेला. भाताचा, तुपाचा वास आला असेलही, त्यांच्यापर्यंत पोचला नाही. तिचा चेहरा आठवायला गेले, तर तोही धड आठवेना.

"कमाल केलीत, एकही शिंक नाही!" जाताना नीलकंठ म्हणाले. शास्त्रींनी मान डोलावली. कुणा परक्याचं श्राद्ध उरकल्यासारखं त्यांना वाटलं, आणि त्याचंही काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोळी घेतली नाही. शेजारच्या धुपाचा धूर खिडकीतून आत आला आणि अशी सणसणीत शिंक आली, की हातातला तांब्या हिंदकळला. शास्त्री सवयीने थांबले, कान स्वयंपाकघराकडे लावून. वर्षभर शिंकच आली नव्हती, त्यामुळे तिथून हाक येत नाही हे कळायची वेळच आली नव्हती.

"चढव ग," ते म्हणाले, आणि तिथेच बसून हमसून हमसून रडले.