व्हेरोनातली थडगी आणि आंघोळ

इथे आयर्लंडमध्ये, डंडॉकच्या चर्चपाशी भिजलेल्या दगडांचा वास आला, की मला बाबांबरोबर पाहिलेलं इटलीतलं व्हेरोना आठवतं. तिथल्या जुन्या सरदार घराण्याच्या संगमरवरी थडग्यांभोवती लोखंडी जाळी होती. त्या गार जाळीला हात लागताच बाबांनी तो चटकन मागे घेतला. मग आंघोळ केल्याशिवाय ते जेवेनात.

"बाबा, यांचं सुतक कधीच फिटलं," मी वैतागून म्हणालो.

ते हसले नाहीत. संध्याकाळी हॉटेलवर पोचेपर्यंत उपाशी राहिले, आणि मी त्यांच्यासमोर पिझ्झा खाल्ला.

गेल्या वर्षी नागपूरला धाकट्या भावाने बाबांना अग्नी दिला. मी तो इथे किचनमध्ये उभा राहून फोनवर पाहिला. फोन ठेवल्यावर आंघोळ करायची की नाही, कळेना. टॉवेल घेऊन तसाच थांबलो. हे सांगणारा माणूसच गेला होता.