गणपतीच्या जागी नवरदेव

माझे सर माझ्यासाठी भरल्या सभेत खोटं बोलले होते.

काल दुपारी जळगावात सुधाकर सरांचं निधन झालं. म्हणून आज हे लिहितेय.

नव्व्याण्णव साल. मी साक्रीजवळच्या खेड्यातली, जळगावला मावशीकडे राहून सरांच्या कॉम्प्युटर क्लासला जायचे. बॅचमध्ये आम्ही दोनच मुली. त्यातल्या एकीचं लग्न ठरलं आणि तिनं क्लास सोडला.

माझाही नंबर लागणारच होता. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्पष्ट सांगितलं होतं की मंडळाचं काम धड झालं तर रहा, नाहीतर मावशीकडचं सामान उचल आणि घरी चल.

मंडळाचं काम म्हणजे आमच्या समाजाच्या वधू-वर सूचीची वेबसाइट. धुळ्याच्या मेळाव्यात ती सगळ्यांना दाखवायची होती. सरांनी त्यातलं मुलांचं पान मला करायला दिलं. मला, जिला तेव्हा साधा ई-मेल पाठवतानाही घाम फुटायचा.

पानावर बारा मुलांची नावं, प्रत्येक नावावर एक रिकामी चौकट. नावावर क्लिक केलं की फोटो त्याच्या चौकटीत यायचा. त्या काळच्या फोन लाइनवर बारा फोटो एकदम उघडेपर्यंत पोरांची लग्नं उरकली असती, म्हणून ही सरांची युक्ती.

पण कुठली चौकट, हे ब्राउझरला सांगायचं कसं?

मी नंबरानं सांगितलं. पानावर वरून खाली जी चित्रं येतात त्यांना ब्राउझर आपोआप नंबर देतो, शून्यापासून. रिकामी चौकटही त्याच्या लेखी चित्रच, म्हणून पहिल्या मुलाची चौकट शून्य, दुसऱ्याची एक. छोटा, सुटसुटीत कोड. मी स्वतःवरच खूश होते.

मेळाव्याच्या दिवशी एसटीनं निघालो. मॉनिटर सरांच्या मांडीवर, सीपीयू माझ्या. पारोळ्यापर्यंत प्रत्येक खड्ड्याला दोघंही श्वास धरून बसलो.

मंगल कार्यालयात मंडळाचे अध्यक्ष आबा आले, त्यांनी पान बघितलं आणि विचारलं, गणपती कुठाय? बरोबरच होतं त्यांचं. पत्रिका असो, वहीचं पहिलं पान असो, आपल्याकडे वर गणपती नसेल तर ते सुरूच होत नाही.

सर माईकवाल्याशी बोलत होते. मी म्हटलं, आबा, दोन मिनिटं. फ्लॉपीत गणपतीचं चित्र होतंच. टाकलं वर. छान दिसलं.

क्लिक करून बघितलं नाही.

तुमच्यातल्या कोड लिहिणाऱ्यांनी आत्ताच कपाळावर हात मारला असेल. गणपती झाला शून्य, आणि बाकीच्या सगळ्या चौकटी एकेक नंबर पुढे सरकल्या. माझा कोड मात्र जुन्याच नंबरांवर.

मॉनिटरला हार घातला, नारळ फोडला, आबांनी पहिल्या नावावर क्लिक केलं. ते नाव त्यांच्या पुतण्याचं होतं.

पुतण्या गॉगल लावून थेट गणपतीच्या जागी प्रकट झाला.

मग मागून हसू. आबा लाल झाले. दुसऱ्या नावावर क्लिक केलं तर तो मुलगा जाऊन बसला पुतण्याच्या नावावर. त्याचे वडील खुर्चीतून उठून अहिराणीत ओरडले, "मना पोऱ्या तठे कसा गया?"

नाना तिसऱ्या रांगेत होते. टोपी काढून मांडीवर ठेवली होती. मला मावशीकडची माझी ट्रंक दिसायला लागली.

सरांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना काय ते कळलं. त्यांनी माईक घेतला.

"चूक माझी आहे. गणपती मी ऐन वेळी टाकला आणि तपासला नाही. ज्योतीचा यात काही दोष नाही. दहा मिनिटं द्या, तीच दुरुस्त करेल."

मग आबा सुटले. देवाचा अपमान, समाजाचा अपमान, सरांच्या डिग्रीचा उद्धार. सर मान खाली घालून ऐकत राहिले. आबा थकल्यावर सरांनी लोकांना समजावलं, की पंगतीत पहिल्या पाटावर नवा पाहुणा बसला की बाकीचे एकेक पाट सरकतात, तसं झालंय. लोक हसले. चहा फिरला.

मी घाईघाईनं सगळ्या नंबरांत एक मिळवायला घेतलं. सर वाकून हळूच म्हणाले, "उद्या आबा गणपतीशेजारी सरस्वती बसवतील. मग काय करशील? प्रत्येक चौकटीला नाव दे, आणि नावानं उचल."

बारा चौकटी, बारा नावं. माझी बोटं सारखी चुकीच्या कळांवर पडत होती. ते कुणाला दिसू नये म्हणून सर मध्ये उभे राहिले.

पुन्हा क्लिक. पुतण्या आपल्या जागी, गणपती आपल्या जागी. टाळ्या पडल्या.

नानांनी मला जळगावला राहू दिलं. पुढे पुणं, नोकरी, आता माझ्या हाताखाली नवीन मुलं. पानावरचं हवं ते हल्ली एका ओळीत उचलता येतं, तरी कुणी नंबरावर भरवसा ठेवला की मी ओरडते. मुलं मला खडूस म्हणतात. म्हणू देत.

इतकी वर्षं मला वाटायचं, त्या दहा मिनिटांत मी काम करून दाखवलं म्हणून नाना राजी झाले.

काल संध्याकाळी गावी नानांना फोन केला. सर गेल्याचं सांगितलं. आणि म्हटलं, नाना, ती चूक माझी होती हो, सरांची नव्हती.

नाना म्हणाले, "माले तव्हयच समजनं व्हतं. तुनं तोंड मी वळखत नही का?"

मी विचारलं, मग मला राहू कसं दिलं?

"जो माणूस दुसरानी पोरसाठे बठ्ठा समाजसमोर मान खाले घालस, त्यानाकडे पोर ठेवाले भेव कसानं?"

फोन ठेवून खूप रडले.

सर, शिकवण्यासाठी तुम्हाला थँक्यू म्हटलं होतं. नोकरीचे पेढे घेऊन आले होते तेव्हाही म्हटलं.

त्या खोट्यासाठी म्हणायचं राहूनच गेलं.

आज म्हणते. तुमच्या पायांवर डोकं ठेवून म्हणते.

तुमची ज्योती