फरक काढून दिला

हसायचं असेल तर हसा, पण हातातला चहा आधी खाली ठेवा. स्वतःच्या मूर्खपणाची ही गोष्ट मी बरीच वर्षं पोटात ठेवली होती. आमच्या हिनं मात्र ती सगळ्या गल्लीला सांगितली आहे. तिच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐका, माझी जरा तरी लाज राहील.

माझं दुकान भद्रकालीत. रेडिओ आणि लाउडस्पीकर दुरुस्तीचं. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढचं शिक्षण करंट लागून लागून झालं. पूर्वी रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असायचे. बटण दाबलं की ते हळूहळू लाल व्हायचे, गरम व्हायचे आणि मग रेडिओ बोलायला लागायचा. माझ्यासारखाच, सावकाश. ते रेडिओ गेले, ते दुरुस्त करणारेही एकेक करून गेले. दोन हजार सालाच्या आसपास नाशकात कुणी व्हॉल्व्हचं नाव काढलं की लोक माझ्या दुकानाकडे बोट दाखवायचे.

असंच कुणीतरी बोट दाखवलं आणि शिरीष डॉक्टर आले. दातांचे डॉक्टर, कॉलेज रोडला दवाखाना. पस्तिशीचा माणूस, गिटार वाजवायचा नाद. रिक्षातून दोन पेट्या उतरवल्या. दिसायला अगदी जुळ्या बहिणी. काळं रेक्झीन, पुढं जाळी, आत व्हॉल्व्ह.

"नाना, हे गिटारचे अँप्लिफायर," डॉक्टर म्हणाले. "देवळालीच्या डिसोझासाहेबांनी हातानं बनवलेत. रिटायर झाल्यापासून दोन वर्षं ह्याच्याच मागे आहेत."

"छान काम आहे हो," मी म्हणालो. आणि खरंच छान होतं. वायरी अशा बसवलेल्या, जशी वेणी घातलेली.

"बाहेरून सारख्या, व्हॉल्व्ह सारखे, स्पीकर सारखे. पण आवाजात फरक आहे. साहेबांनी कागदावर काही मांडलेलं नाही, कानानं ऐकत ऐकत भाग बदलत गेले. रविवारी ते येणार, दोन्ही ऐकून त्यातली चांगली ठरवायची आणि पुढच्या सगळ्या तशाच बनवायच्या. त्याच्या आत तुम्ही मला तेवढा फरक काढून द्या."

एवढं बोलून डॉक्टर त्याच रिक्षात बसून गेले. दवाखान्यात कुणीतरी आ करून बसलं होतं म्हणे.

आता तुम्हीच सांगा, दातांचा डॉक्टर जेव्हा 'काढून द्या' म्हणतो, तेव्हा माणसानं काय समजायचं? त्यांच्याकडे काढलेली वस्तू परत कुणी जागेवर पाहिली आहे का?

मी समजलो, फरक काढून टाकायचा. आणि मला ते पटलंही. दोन वर्षं खपून म्हाताऱ्यानं दोन पेट्या केल्या. रविवारी एकीला चांगली म्हणायचं, म्हणजे दुसरीला वाईट म्हणायचं. त्याच्याच तोंडावर. त्यापेक्षा दोन्ही सारख्या असल्या तर कुणाचं मन दुखायला नको. डॉक्टर किती समजूतदार माणूस, असं म्हणत मी पहिली पेटी उघडली.

तपासायचं कसं? गिटार मला येत नाही. मी माझा माइक लावला. चाळीस वर्षं त्र्यंबकच्या यात्रेत लाउडस्पीकर लावलेला माणूस मी. माझ्या लेखी चांगला आवाज म्हणजे हरवलेल्या माणसाचं नाव शेवटच्या दुकानापर्यंत स्वच्छ पोचलं पाहिजे. एवढंच.

मी माइकमध्ये म्हणालो, "हरसूलच्या ठकूबाई जिथं असतील तिथून कुशावर्तापाशी यावं, त्यांचे मालक वाट बघताहेत."

पहिल्या पेटीतून ठकूबाई ठीक आल्या. आवाज गोल, जरा मऊ. मोठा केला की मात्र कडेनं फाटायला लागायचा. दुसऱ्या पेटीला माइक लावून तेच म्हणालो आणि दचकून मागे सरलो. ठकूबाईंच्या जागी कुणीतरी गुरगुरलं. आवाज जाड, फाटका, शेवटपर्यंत खरखर. असा आवाज यात्रेत लावला असता तर ठकूबाई कुशावर्ताकडे न येता थेट हरसूलला पळाल्या असत्या.

मग मी दोन्ही पेट्या शेजारी ठेवून आतून बघितल्या. फरक लगेच दिसला. पहिलीत, आवाज बाहेर पडतो तिथून एक वायर मागं आणून सुरुवातीला जोडलेली होती. त्यानं आवाज ताब्यात राहतो. आम्ही तिला लगाम म्हणतो. दुसरीत लगामच नव्हता. शिवाय पहिल्याच व्हॉल्व्हच्या पायाशी एक जादा कंडेन्सर, आवाज फुगवणारा. मला म्हाताऱ्याची कीव आली. वय झालं, एकीला लगाम घालायचा विसरला बिचारा.

मी दुसरीला लगाम घातला. जादा कंडेन्सर काढून डबीत टाकला. पहिलीचाही लगाम जरा आवळला, म्हणजे तीही मोठ्या आवाजात फाटायला नको. दोघींच्या पाठीवर खडूनं काहीतरी खुणा होत्या, त्या ओल्या फडक्यानं पुसून घेतल्या. काम करायचं तर नीटनेटकं.

गुरुवारी डॉक्टरांचा फोन आला.

"नाना, निघतोय का फरक?"

"निघतोय की. थोडा राहिलाय."

"थोडा राहिला तर राहू द्या. मुख्य फरक निघाला म्हणजे झालं."

"मुख्य तर पहिल्याच दिवशी निघाला."

"अरे वा. कशात होता?"

"एक वायर आणि एक कंडेन्सर."

"एवढ्यातच? कमाल आहे तुमची. आणि मी इथं महिनाभर डोकं फोडतोय."

"वय झालं की दिसतं डॉक्टर, कुठं काय अडलंय ते."

बघा, दोघंही खूश. एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर मी वाचलो असतो. पण नाही झाला.

शनिवारी मी शेवटची परीक्षा घेतली. आमच्या हिला पेट्यांकडे पाठ करून बसवलं. ही घोटीकडची, भाताच्या बाजारात वाढलेली. पोत्यात हात न घालता तांदूळ ओळखणारी बाई. मी एकदा ह्या पेटीतून बोललो, एकदा त्या.

"सांग, आत्ता कोणती बोलली?"

"मला काय माहीत. दोन्ही तुमच्यावानीच बोलतात."

"म्हणजे कशा?"

"लय हळू अन् एकच एक. तीन दिवस झाले त्या ठकूबाईला बोलवताय. ती काय येत नाय. आता तुम्ही जेवायला या."

फरक निघाला होता. मी समाधानानं दोन घास जास्त जेवलो.

रविवारी सकाळी डॉक्टर गिटार घेऊन दुकानात आले, मागोमाग डिसोझासाहेब. उंच, पांढरी मिशी, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. माझ्याशी हात मिळवला आणि पेट्यांकडे असं बघितलं, जसं बाप होस्टेलात ठेवलेल्या मुलींकडे बघतो.

डॉक्टरांनी गिटार लावली, तार छेडली. आवाज आला स्वच्छ, घासलेल्या पितळी तांब्यासारखा. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. आवाजाचं बटण वाढवलं. तरी स्वच्छ. पूर्ण फिरवलं. काचा हलल्या, पण आवाज फाटला नाही.

"नाना, ही गुरगुरत का नाहीये?"

"नाही गुरगुरणार आता," मी अभिमानानं म्हणालो.

डॉक्टरांनी घाईघाईनं दुसरी लावली. तोच आवाज. पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी. त्यांचा चेहरा हळूहळू असा झाला, जसा भूल न देता दात उपटल्यावर पेशंटचा होत असेल.

"फरक कुठाय?"

"काढला ना."

"काढला म्हणजे?"

"काढून टाकला. तुम्ही म्हणालात तसा."

चाळीस वर्षांत मी चारशे-चारशे व्होल्टचे झटके खाल्लेत. एकदा तर दुकानाच्या फळीवरून थेट रस्त्यावर जाऊन पडलो होतो. पण त्या सकाळचा झटका वेगळाच. हात-पाय थंड आणि कान गरम.

"नाना," डॉक्टर अगदी हळू म्हणाले, "फरक काढा म्हणजे शोधून काढा. शाळेत गणितात असतं ना, फरक काढा म्हणून."

"आमच्या चौथीत तसं काही आल्याचं आठवत नाही हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

डिसोझासाहेब खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दोन वर्षं त्या माणसानं एक एक भाग बदलून, ऐकून, पुन्हा बदलून तो आवाज जमवला होता. कागदावर एक रेघ नव्हती. आणि मी तो फडक्यानं पुसून घेतला होता.

"नानासाहेब," ते म्हणाले, "माझ्या पेट्यांना माळ कुणी घातली? ह्या तर एकदम शाकाहारी झाल्या."

मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. "मला वाटलं, लगाम घालायचा तुम्ही विसरलात."

"विसरलो नाही. तो काढायला मला आठ महिने लागले. गिटारला ते फाटणंच तर पाहिजे होतं."

फाटणं पाहिजे होतं. ऐकलंत? जन्मभर मी ज्या आवाजाला शिव्या घातल्या, तो मिळवायला हा माणूस आठ महिने बसला होता. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. थट्टा करत नव्हते.

"साहेब, मी परत होता तसा करून देतो," मी म्हणालो.

"कसा देणार? खुणा पुसल्यात. कुठल्या पेटीत काय होतं, मलाच सांगता येणार नाही."

पण मला सांगता येत होतं. लिहिलेलं मी विसरतो, सोल्डर विसरत नाही. त्यांचे सांधे जुने, काळसर पडलेले. माझे ताजे, चकचकीत. मी पेट्या उघडल्या आणि चकचकीत दिसेल ते एकेक सोडवत गेलो. डबीतला कंडेन्सर जिथला तिथं लावला. डॉक्टर शेजारी वही घेऊन बसले; मी सोडवलं की विचारायचे, "हे कुठून कुठं?" आणि लिहून घ्यायचे. डिसोझासाहेब माझ्या हाताकडे टक लावून बघत होते. मध्येच म्हणाले, "सोल्डर छान करता." त्या वेळी ते ऐकून मला जास्तच वाईट वाटलं.

दोन तासांनी गिटार पुन्हा लागली. एक पेटी मऊ बोलली, दुसरी गुरगुरली. डिसोझासाहेबांनी डोळे मिटले आणि मान हलवली. माझा जीव भांड्यात पडला. वर डॉक्टरांच्या वहीत सगळा फरकही उतरला होता.

आता राहिलं ठरवायचं. कोणती चांगली? डॉक्टरांना एकदा ही आवडायची, एकदा ती. डिसोझासाहेब तर दोघींचे बाप, त्यांना कुठलं ठरवता येतंय. शेवटी ते माझ्याकडे वळले.

"नानासाहेब, तुमचा कान चांगला आहे. तुम्ही सांगा."

मी दोन्ही पुन्हा पुन्हा ऐकल्या. खोटं बोलावं असं फार वाटलं. पण सकाळपासून एवढं सगळं झाल्यावर खोटं बोलायची हिंमत उरली नव्हती.

"साहेब, खरं सांगू? मला दोन्ही बिघडलेल्याच वाटतात."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. डिसोझासाहेब मात्र पुढं झुकले.

"जास्त बिघडलेली कोणती?"

"ही डावीकडची. हिचं तर काही खरं नाही."

"लिहा डॉक्टर," ते म्हणाले. "डावी."

पुढच्या सगळ्या पेट्या त्या डावीसारख्या झाल्या. लांबलांबचे वाजवणारे त्या घेऊन गेले, असं डॉक्टर सांगतात. आणि डिसोझासाहेब नवी पेटी झाली की आधी माझ्या दुकानात आणतात. गिटार वाजवतात आणि पेटीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मी तोंड कडू केलं की त्यांची मिशी हलते. मी कानावर हात ठेवला की चहा सांगतात.

परवा एक आणली होती. काय सांगू, मला मनापासून आवडली. साहेब चांगला माणूस, काही बोलले नाहीत. पेटी उचलली आणि दुरुस्तीला घरी घेऊन गेले.