उडायचा पट्टा

लातुरात क्लाससाठी राहायचो तेव्हा आम्ही मित्र रविवारी फाशांचा एक खेळ खेळायचो; प्रत्येक जण गोष्टीतलं एक पात्र व्हायचा. त्यात जादूचा पट्टा होता. छातीला बांधला की माणूस उडायचा. मला तो खराखुरा हवा होता, म्हणून बॅगा शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे गेलो. पत्र्याचं दुकान, आणि मशीन अगदी दारात. पट्टा कशाला ते ऐकून तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही.

शिवून झाल्यावर म्हणाला, "घाल. मी पाच मोजतो."

त्यानं मोजायला सुरुवात केली आणि माझं बक्कल अडकलं.

"पाच! आली भिंत अंगावर," तो ओरडला. "आमच्या गावाला भूकंपानं एवढाबी येळ दिला न्हाई."

त्यानं दातानं टाके उसवले, बक्कल काढून हूक लावला. "आता एका हातानं लाव."

"एकाच का, मामा?"

"दुसऱ्या हातात लेकरू असतंय की."

तो पुन्हा मोजू लागला. चारला हूक बसला. त्यानं कधीचा धरलेला श्वास सोडला.

आमच्या खेळात तो पट्टा एकालाच उचलायचा. मी ते त्याला सांगितलं नाही.