कळंबचा पूल ओलांडल्यावर

मी देश सोडून निघाले ती आमच्या टोमॅटोच्या पिकपमधून. मागे रिकाम्या कॅरेटांची चळत आणि तिच्यावर दोरीने करकचून बांधलेल्या माझ्या दोन बॅगा. भाऊ म्हणत होता, चांगली गाडी भाड्याने करू, परदेशात निघालीय ती, बाजाराला नाही. पण दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ऐकलं नाही. पिंपळवंडीतून निघालो, नारायणगाव मागे पडलं, कळंब आलं. कळंबच्या अलीकडे कोणी बोललं नाही, त्यात नवल नव्हतं. पूल ओलांडला तसे दादा सवयीने म्हणाले, "हां, बोल आता."

मला बोलता येईना. मंचरच्या थिएटरवर नवीन पिक्चरचं पोस्टर चढलं होतं, ते आम्ही दोघांनी मान वळवून पाहिलं आणि तसेच पुण्याच्या विमानतळाकडे गेलो.

आता हे पुलाचं काय ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल आमच्या घरात सगळे मुके आहेत. दादांना पिक्चरचं भयंकर वेड. शुक्रवारी सकाळी नारायणगावच्या मार्केटात माल उतरवायचा आणि तिथूनच परस्पर मंचरला बाराचा शो गाठायचा. सोबतीला मी. आईला पिक्चर म्हटलं की डोकं दुखायचं आणि भावाला झोप यायची. केबिनमधली मधली जागा माझी. गुडघ्याला गिअर लागायचा, तरी ती जागा मी कोणाला दिली नाही. पिक्चर सुटला की दादांचा एकच नियम, "पुलाच्या अलीकडं बोलायचं न्हाई. पोटात मुरू दे जरा." मागे कॅरेटं खडखडायची, मी ओठ आवळून बसायची. पूल ओलांडला, कळंबात चहा आला, की मग निकाल.

निकाल कॅरेटात. बरा असला तर अर्धं कॅरेट, चांगला असला तर भरलं कॅरेट. फारच जमला तर शीग लावून, आणि ते वर्षातून एखाद्याच्याच नशिबी. अगदीच टुकार निघाला तर "रस्त्यावर ओत." भाव पडल्यावर टोमॅटोचं काय करतात ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी भरलं म्हटलं की दादा अर्धं म्हणायचे. मी ओत म्हटलं की ते शीग लावायचे. "तुला काय कळतंय त्यातलं? ईलन मेला तिथंच पिक्चर संपला व्हता!" चहावाला आमच्याकडे बघत राहायचा. आमची भांडणं कळंबपासून पिंपळवंडीच्या वेशीपर्यंत पुरायची आणि घरी आल्यावर आई म्हणायची, "आले का वकील? हातपाय धुवा आधी."

पाहुणा सोबत असला की मात्र कायदा वेगळा. एकदा बेल्ह्याचे मामा आले होते. अख्खा पिक्चर ते घोरले. कळंबात चहा पिताना दादांनी अदबीने विचारलं, "पावणं, तुमी बोला आधी." मामांनी डोळे चोळत शीग लावून कॅरेट दिलं. मी तोंड उघडणार तोच दादा म्हणाले, "बरोबर हाय पावणं. लई भारी व्हता." मला धक्काच बसला. मामा घरापाशी उतरून हातपाय धुवायला गेले, तसे दादा गाडीमागे येऊन हळूच म्हणाले, "रस्त्यावर ओत. कसला भिकार पिक्चर!" मी म्हटलं, मग मघाशी? तर म्हणाले, "पावण्यानं दिलेलं कॅरेट आपुन उपसायचं न्हाई. ते दोन दिसांचं मानूस. भांडायचं ते घरच्याशी." तेव्हा मी खूप हसले होते.

मी आयर्लंडमधल्या एका छोट्या गावात नर्स आहे. इथेही पिक्चरवेडे आहेत. आमच्या वॉर्डातल्या काही जणींचा मूव्ही ग्रुप आहे, ऑफ असला की एकत्र जातो. सीट गुबगुबीत, हीटिंग चालू, कोणी शिट्टी मारत नाही की नटाला शिव्या देत नाही. बाहेर पडल्यावर कॉफी घेऊन सगळ्या म्हणतात, "लव्हली." रडका पिक्चर लव्हली, मारामारीचा लव्हली, झोप आणणाराही लव्हली. मी एकदा म्हटलं, मला अजिबात नाही आवडला, पैसे वाया गेले. मग एकीने माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, तुझी शिफ्ट फार हेवी होती का गं? घ्या! जे माझ्यासारखे गाव सोडून लांब गेलेत त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. इथे माझ्याशी कुणी वाईट वागत नाही. भांडत मात्र कुणीच नाही.

म्हणून घरच्यांचा व्हॉट्सॅप ग्रुप माझा जीव की प्राण होता. दादा बोलून मेसेज पाठवायचे, मागे कॅरेटांचा खडखडाट ऐकू यायचा. आणि मग भावाचं लग्न झालं.

शीतल, माझी भावजय, कळंबचीच. पोरगी चांगली आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी. लग्नानंतर दोन-तीन महिन्यांतच दादांच्या मेसेजमध्ये तिचं नाव सुरू झालं. "शीतल म्हनली अर्धं. तिला म्हनलं, डोळं तपासून घे." पुढच्या शुक्रवारी, "शीतलनी आज डोकं खाल्लं, ईलनच खरा हिरो व्हता म्हनती." मग एकदा फोटो आला. केबिनमध्ये दादा स्टिअरिंगवर आणि मधल्या जागेवर ती, गुडघ्याला गिअर लावून, दात काढत. मी तेव्हा ब्रेकमध्ये सँडविच खात होते. ते तसंच पुन्हा कागदात गुंडाळलं. जळले मी. दुसरा शब्द नाही त्याला. बाई गं, तुझं स्वतःचं माहेर आहे, तुझे स्वतःचे वडील आहेत, तर माझेच हवेत?

मग मी काय केलं, तर ग्रुपवर लांबलचक परीक्षणं टाकायला लागले. कॅमेरा कुठे होता, सबटायटल्स किती चुकीची होती, दिग्दर्शकाचा आधीचा पिक्चर कसा होता. शीतल लिहायची, "ताई, भारी लिहिता." दादांचं उत्तर दर वेळी एकच, "लई भारी गं बाय." मी मुद्दाम टुकार पिक्चरला भरलं कॅरेट दिलं. "लई भारी गं बाय." मला वाटायचं, कामात असतील.

मागच्या डिसेंबरात सुट्टीवर गेले. पहिल्याच शुक्रवारी निघालो. शीतल आपण होऊन खिडकीला सरकली आणि म्हणाली, "ताई, तुमची जागा." तीही मला हिच्याकडून मिळायची होती! बायपास झालाय आता, पण शुक्रवारी दादा अजून गावातल्या जुन्या रस्त्यानेच येतात. पिक्चर होता परदेशातून गावी परतणाऱ्या मुलाचा. तो उतरतो, माती कपाळाला लावतो आणि मोठं गाणं होतं. मी रुमाल भिजवला. परत येताना पूल ओलांडला, चहा आला. शीतल काही म्हणायच्या आत दादांनी माझ्याकडे वळून अदबीने म्हटलं, "तू बोल आधी."

मी म्हटलं, "भरलं कॅरेट."

आणि वाट बघत राहिले. चहाचा कप हातात, कमरेला पदर खोचल्यासारखी तयार. दादा म्हणाले, "बरोबर हाय. लई भारी व्हता."

घरी आलो. मी हातपाय धुवायला मोरीत गेले. मोरीला लागूनच पिकप उभी असते. तिथून दादांचा आवाज आला, "काय भिकार पिक्चर! उतरल्या उतरल्या माती कपाळाला लावतो. आरं, आधी आईला तर भेट!"

शीतल म्हणाली, "मग ताईंना बोलायचं ना तसं."

"आगं, ती लांबनं आल्याली. तिला गावातलं काय बी ग्वाड लागनार. तिला कसं न्हाई म्हनायचं?"

पाण्याचा तांब्या हातातच राहिला. बेल्ह्याचे मामा आठवले, घोरणारे. मी त्यांना हसले होते ना, आता बसा! बाहेर ती दोघं हमरीतुमरीवर आली होती. तुला काय कळतंय, तुम्हाला काय कळतंय. ते सगळं माझं होतं, आणि मला मिळत होतं काय, तर मान. तशीच ओल्या हाताने बाहेर गेले. "दादा, मी काय पाहुणी आहे का? बोला ना तोंडावर!"

दादा ओशाळले. "न्हाई गं बाय. तुझंच खरं. चल, जेवून घे." आईने त्या दिवशी माझ्यासाठी मासवडी केली होती. ती मला कडू लागली.

परतायच्या आदल्या दिवशी बॅग भरताना शीतल आत आली. म्हणाली, "ताई, रागावू नका, पण मला तुमचा लई हेवा वाटतो. तुम्ही काही म्हणा, दादा हो म्हणतात. मी तोंड उघडलं की माझी अक्कल काढतात." अगं भवाने, अदलाबदल करतेस का? पण बोलले नाही. लोणच्याची बरणी टॉवेलात गुंडाळत बसले.

इकडे आल्यावर दोनेक महिन्यांनी तिचा मेसेज आला. एक नवा पिक्चर येत होता, ट्रक चालवणाऱ्या बापाचा. इथे तो गुरुवारीच लागणार होता. तिने लिहिलं, "ताई, बघून झाला की तुमचा निकाल मला एकटीला पाठवा. ग्रुपवर टाकू नका." वा! आता जागा गेली, बाप गेला, राहिलेलं मतही हिला हवं. तरी गेले, पाहिला आणि रागारागात लिहून पाठवलं. तो बाप जन्मभर मुलासाठी खस्ता खातो आणि एक शब्द बोलत नाही. मुलगा शहरात निघतो, बाप गप्प. थिएटर हमसून हमसून रडत होतं. मी लिहिलं, "अर्धं कॅरेट. तेही कसंबसं. बाप गप्प बसला म्हणून मोठा होत नाही. तोंड उघडून पोराशी भांडला असता तर पोरगं इतकं दूर गेलंच नसतं."

दुसऱ्या दिवशी ब्रेकरूममध्ये चहा करत होते, तेव्हा शीतलने पिकपमध्ये केलेलं रेकॉर्डिंग आलं. फोन कानाला लावला. कॅरेटं खडखडत होती. दादांचा आवाज, "हां, पूल झाला. बोल."

शीतलने माझा निकाल शब्दन् शब्द बोलून दाखवला, स्वतःचा असल्यासारखा.

दादा जे उसळले! "अर्धं? शीग लावून द्यायचा पिक्चर, आन् अर्धं? अकलेचं दिवाळं निघालंय का तुझं?"

"दादा," शीतल म्हणाली, "हे माझं मत नाही. ताईंचं आहे."

मग नुसता इंजिनाचा आवाज. मी तिथे उभी, कपात पिशवी तशीच, चहा काळा होत चाललेला. आता म्हणतील लई भारी. आता म्हणतील बरोबर आहे बाय. मी फोन काढून ठेवणार होते.

"मग सांग तिला," दादा म्हणाले, आणि आवाज आधीपेक्षा चढला. "सांग तिला, त्या बापाला बोलता येत व्हतं! पोरगं उद्या जानार, मग कधी येनार ठाव न्हाई, आन् आज त्याच्यासंगं भांडून पाठवायचं? त्या मानसाचा जीव तुटत व्हता, म्हनून गप बसला! ही म्हनती, तोंड उघडायचं! तिकडं थंडीनं डोकं गोठलंय तिचं. तिला काय कळतंय? काय कळतंय तिला? लाव, फोन लाव तिला आत्ता!"

रेकॉर्डिंग तिथेच संपलं आणि माझा फोन वाजायला लागला.

उचलला, तर हॅलो नाही, कशी आहेस नाही. "अर्धं कॅरेट?" दादा ओरडले. मी त्यांच्याही वर ओरडले, "हो, अर्धं! आणि तुम्हाला रडू आलं म्हणून पिक्चर चांगला होत नाही!" केवढ्या दिवसांनी माझा मराठीतला वरचा आवाज मला ऐकू आला. मागून शीतल म्हणत होती, "ताई, सोडू नका!" आणि हे तिने जुळवून आणलं, हे आठवून माझं पुन्हा एकदा पित्त खवळलं. मधल्या जागेवर बसलेली असणार ती, नक्कीच.

माझा आरडाओरडा ऐकून वॉर्डातली एक मैत्रीण धावत आली. मी डोळे पुसतेय, फोनमधून माणूस ओरडतोय, तिला काय वाटलं असेल देव जाणे. खांद्यावर हात ठेवून तिने हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

मी फोनवर हात ठेवला. म्हटलं, "हो, ठीक आहे. वडील भांडतायत माझ्याशी."