रेवताबाईच्या दारी आलेला वाटा

आमच्या गावचा तलाव जुना आहे आणि त्याच्या तळाशी बुडालेल्या झाडांची खुंटं आहेत. ढिवरांनी, म्हणजे इथल्या मासेमारांनी, मोठं जाळं ओढायला घेतलं की ते कुठल्या ना कुठल्या खुंटाला अडकतंच. मग डोंग्यावरून आणि काठावरून एकच हाक उठायची, "मनिराम गा!" मनिराम बुडी मारायचा, एकही गाठ न तोडता जाळं सोडवायचा आणि वर येऊन नाक शिंकरायचा. बाकी माणूस अबोल. मी या गावी शाळेवर मास्तर म्हणून आलो आणि त्याच्या शेजारीच घर बांधून राहिलो. पण इतक्या वर्षांत तो माझ्याशी जेवढं बोलला, तेवढं माझी बायको भाजी निवडता निवडता बोलते.

चाळिशी ओलांडल्यावर हा माणूस खचत गेला. झोप उडाली, जेवण तुटलं, अंगणात बसला की बसूनच राहायचा. कारण विचारू नका. घरात कोणी गेलं नव्हतं, कोणाशी भांडण नव्हतं, दारूला तो शिवत नव्हता. आपल्याकडे दुःखालाही कारण दाखवावं लागतं, नाहीतर लोक त्याला थेरं म्हणतात. कोणी म्हणालं, बाहेरचं आहे. कोणी लिंबू उतरवायला सांगितलं. रेवताबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, सगळं केलं. आमच्या जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले तेव्हा तिचं माहेर गोंदिया जिल्ह्यात गेलं; तिकडच्या एका देवीलाही ती त्याला घेऊन गेली. काही फरक पडेना. शेवटी ज्योत्सनाने मनावर घेतलं.

ज्योत्सना आमच्या गावची आशाताई. शिवाय मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष तुलाराम यांची ती सून. पवनीच्या एका खासगी दवाखान्यात महिन्यातून एकदा मनाचे डॉक्टर येऊन बसत. ज्योत्सना मनिरामला तिकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं, दार लावलं आणि मनिरामला म्हणाले, "इथे बोललेलं इथेच राहतं." तरीही पहिल्या खेपांना तो मान खाली घालून बसला. पण डॉक्टर चिकाटीचे. एकदा तो बोलला.

"खाली गेलो का लई बरं वाटते, साहेब. वर यावाचं मनच नाई होत."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने हे कोणाला तरी सांगितलं होतं. त्या दिवशी घरी आल्यावर तो पोटभर जेवला. "आज यायनं स्वताहून भात मांगतला," असं रेवताबाईने कुंपणापाशी येऊन मला सांगितलं, तेव्हा तिचे डोळे भरले होते.

आता डॉक्टरांची बाजूही सांगतो. असं ऐकल्यावर कुठला डॉक्टर गप्प बसेल? त्यांनी दाराबाहेर ज्योत्सनाला गाठून त्याचं वाक्य सांगितलं आणि बजावलं, याला काही दिवस पाण्यात उतरू देऊ नका, लक्ष ठेवा. ते चुकले असं मी म्हणणार नाही. मला राग येतो तो एवढाच, की ज्याच्याबद्दल हे ठरलं तो आत खुर्चीवर बसून शर्टाची गुंडी लावत होता आणि त्याला कोणी काही विचारलं नाही. ज्योत्सनाने ते घरी सासऱ्याच्या कानावर घातलं. पाणी सोसायटीचं, सोसायटी सासऱ्याची, मग सांगायचं तरी आणखी कोणाला? घरात सांगितलेलं म्हणजे बाहेर सांगितलेलं नव्हे, असं तिला मनापासून वाटत होतं. तुलाराम तरी काय, त्यांनी ते जाळ्यावरच्या माणसांना सांगितलं, जपा म्हणून.

पुढच्या वेळी जाळं पडलं तेव्हा मी काठावरच होतो. मनिराम डोंग्याकडे निघाला तर तुलारामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू बस गा मनिराम. आराम कर."

"काहून? बरा हाय ना मी आता."

"बस म्हनलं ना. तुही काळजी हाय आमाले."

तो बसला. जाळं अडकलं, तेव्हा खेमराज नावाच्या एका जवान गड्याने बुडी मारली आणि जाळं फाडून वर आला. मनिराम कोणी सांगायची वाट न पाहता उठला आणि पाण्यात शिरला. त्याबरोबर डोंग्यावरून कोणीतरी घाबरून ओरडलं, "धरा त्याले! थो वर नाई यावाचा!"

मनिराम कमरेएवढ्या पाण्यात थांबला. बंद दाराआड बोललेलं त्याचं वाक्य सगळ्या तलावाला पाठ होतं. त्याने कोणाकडे पाहिलं नाही. तो मुकाट्याने काठावर आला आणि फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन विणत बसला. त्याचे हात चालले होते आणि दाढीवरून पाणी गळत होतं. ते तलावाचं नव्हतं, एवढं सांगतो.

यापुढे जे झालं ते फक्त आमच्याच गावात होऊ शकतं. इथल्या ढिवरांची एक रीत आहे. जाळं ओढील त्याला मासळीचा वाटा मिळतो. आणि ज्या घरचा माणूस वारला, त्याच्या बायकोला जाळं न ओढताही मिळतो. तो पळसाच्या पानांत बांधून तिच्या उंबऱ्यावर ठेवतात. हाक मारत नाहीत, कारण तिने मागावं किंवा आभार मानावे असं ते देणंच नाही. इतकी सुंदर रीत मी शिकलेल्या लोकांत पाहिली नाही. तुलारामांना वाटलं, मनिराम पाण्यात उतरणार नाही, म्हणून त्याचं घर उपाशी का राहावं? काम न करता वाटा द्यायची एकच पद्धत त्यांना ठाऊक होती. त्यांनी लगेच एका पोराच्या हाती पानांत बांधलेला वाटा मनिरामच्या घरी पाठवून दिला.

रेवताबाईने दार उघडलं आणि उंबऱ्यावर पळसाची पानं पाहिली.

ती किंचाळत तलावाकडे धावत आली. पदराचं भान नाही, पायात काही नाही. "कुठी हाय माहा माणूस? काढला का रे वर?" असं ओरडत ती थेट पाण्यात शिरली. बायांनी तिला धरलं आणि काठावर बसलेल्या मनिरामकडे तिचं तोंड वळवलं. त्याच्या मांडीवरचं जाळं ओढून फेकत तिने त्याला चाचपून पाहिलं. मग विचारलं, हा जिवंत असताना माझ्या दारी पानं का? तुलारामांनी पुटपुटत मनिरामचं ते वाक्य सांगितलं. सगळ्यांसमोर.

ती नवऱ्याकडे वळली.

"वर नव्हतं यावाचं तुमाले? मी इथी असताना?"



संध्याकाळी ज्योत्सना रडत त्यांच्या अंगणात आली. "काकाजी, तुमच्या जीवासाठीच सांगतलं वो मी."

"मालूम हाय बाई," मनिराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता आणि तेच मला ऐकवेना. "पन मले इचारलं असतं त मीच सांगतलो असतो इले. हळूहळू. माह्या तोंडानं. मंग इले असं धावा नसतं लागलं."

पुढच्या महिन्यात तो ज्योत्सनाबरोबर जायला तयार होईना, म्हणून मी गेलो. दार लागलं आणि लगेच उघडलं. डॉक्टर हसतमुखाने म्हणाले, खूपच सुधारणा आहे, आता कामाला लागू द्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंस?"

"सांगतलं, सारं बेस हाय. तसे इचार नाई येत."

"आणि येतात का?"

तो बसच्या वाटेला लागला. परत आत जावं आणि डॉक्टरांना सांगावं, हा खोटं बोलतोय, असं माझ्या मनात आलं. मी वळलोसुद्धा. पण मग मीही त्याच्या पाठीमागे त्याची गोष्ट सांगणाराच झालो असतो आणि त्याने माझ्याशीही बोलणं टाकलं असतं. माझे पाय जागचे हलेनात. अजूनही त्या पायांना योग्य म्हणावं की भित्रे, हे मला कळत नाही.

डॉक्टरांनीच सांगितलं म्हटल्यावर तुलारामांनी त्याला पुन्हा जाळ्यावर घेतलं. गावाला हायसं वाटलं. उंबऱ्यावर पानं येणं बंद झालं आणि वाटा त्याच्या हातात पडू लागला. तेव्हापासून जाळं पडतं त्या दिवशी रेवताबाई घरचं काम टाकून काठावर येऊन उभी राहते. परवा तो पाण्याखाली होता तेव्हा तिने मला हळूच विचारलं, "गुरुजी, तुमी गेल्ते ना यायच्या संग. काय म्हनलं यायनं डॉक्टरले?"

"सारं बेस आहे म्हणाला."

"मलेही हेच सांगतेत," ती म्हणाली आणि पाण्यावरची नजर तिने काढली नाही.