लागलं का?

दिग्रसच्या स्टँडवर यवतमाळहून पुण्याला जाणारी गाडी लागली आणि दादाचा पत्ता नव्हता. माय एका हातात माझी बॅग आणि दुसऱ्या हातात माझं मनगट धरून उभी होती. नोकरीला निघालेल्या पोराचा हात चारचौघांत असा धरू नये, हे तिला सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. कंडक्टरने दार ओढलं तेव्हा दादा कापसाच्या जिनिंगच्या बाजूने पळत आला. हातात दुधाची रिकामी पिशवी. ती त्याने खिडकीतून माझ्या मांडीवर टाकली. आत बोटभर लांबीच्या दहा-बारा हिरव्या काड्या होत्या, ना मूळ ना माती.

"हा पिवळा आपल्याजवळ नव्हता," तो धापा टाकत म्हणाला. "जिनिंगवाल्याच्या कंपाउंडातून खुडला. चोरून आणलेलं लवकर लागते. पाणी नको देजो जास्त, ऊन दे."

गाडी हलली. सख्खा भाऊ पार पुण्याकडे चालला आहे आणि हा बाबा मला बागकाम शिकवतोय, याचा मला राग आला. मी नीट हातसुद्धा हलवला नाही.

त्या फुलाला आमच्या गावात 'दस बजे' म्हणतात. जमिनीलगत पसरतं, पानं सुईसारखी पण मऊ, आणि ऊन चांगलं चढलं की सकाळी दहाच्या सुमारास गुलाबी, पांढरी, केशरी, राणी रंगाची फुलं एकदम उघडतात. दुपारी दोन-तीनला दुकान बंद. आभाळ असलं तर उघडतच नाहीत. पुण्यात आल्यावर कळलं की इकडे त्याला 'ऑफिस टाइम' म्हणतात. आमच्या आख्ख्या गावात ऑफिसला जाणारा एक तलाठी, तोही आठवड्यातून एकदा उगवायचा, त्यामुळे आम्हाला ते नाव सुचण्याचं काही कारण नव्हतं.

दादाने म्हणजे सुधाकरने ते आधी आमच्या बौद्ध विहाराच्या ओट्याभोवती लावलं. मग घरासमोर, मग रस्त्याच्या कडेने. पुसदला लग्नाला गेला तर वऱ्हाड जेवत असताना हा कुणाच्या तरी कुंडीतून काडी खुडून खिशात घालायचा. गावातले लोक त्याला चिडवायचे. "सुध्या, एकरी किती उतारा पडते रे तुह्या फुलाचा?" तो चिडायचा नाही. आम्हाला एकरच नव्हता. माय लोकांच्या वावरात निंदायला जायची आणि दादा मिळेल त्या कामाला.

त्या निंदणाने एकदा घात केला. दस बजे हे घोळाच्या भाजीचं भावंडच, फूल नसलं की दोन्ही सारखीच दिसतात. मायचा हात वीस वर्षं तण उपटण्यात गेलेला. एका आभाळाच्या दिवशी ती विहारासमोर बसल्या बसल्या बोलत राहिली आणि बोलता बोलता अख्खा ताटवा उपटून ढीग लावला. दादा आला आणि डोकं धरून खाली बसला.

"काहून उपटलं वं माय?"

"मले घोळ वाटला. फूल नव्हतं ना त्याले!"

दोन दिवस दादा तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पाहतो तर ढिगातल्या काड्या पडल्या जागी मातीला धरून उभ्या राहिलेल्या. उपटून फेकलं तरी लागतं असं ते झाड आहे. माय आठ दिवस सगळ्यांना सांगत होती की मीच नवीन लावलं.

मी पुसदला आयटीआय केलं आणि चाकणच्या कंपनीत मला बोलावणं आलं. दादाचंही माझ्यासोबत यायचं घाटत होतं. पण बाबा गेलेले, माय एकटी, आणि ती गाव सोडायला तयार नव्हती. दोघांपैकी एकाने राहायचं होतं. त्यावर आमच्यात चर्चा झाली नाही. दादा एवढंच म्हणाला, "तू शिकला, तू जाय. मी हावो इथं." आणि मी लगेच हो म्हणालो. जरा तरी 'नाही' म्हणायला हवं होतं, निदान शोभेपुरतं. ते अजून सलतं.

चाकणला एका खोलीत आम्ही पाचजण. खिडकी उत्तरेला, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. रंगाच्या डब्यात मी त्या काड्या खोवल्या, कारण फेकायची हिंमत झाली नाही. दर रविवारी दादाचा फोन यायचा आणि त्याचा पहिला प्रश्न असायचा, "लागलं का?" नोकरी कशी, जेवण कसं, हे सगळं नंतर. मी म्हणायचो, लागलं. आणि तो खूश व्हायचा. खरं तर तीनच काड्या जगल्या होत्या आणि त्याही उन्हासाठी लांबच लांब वाढून माना टाकत होत्या. फुलाचं नाव नाही. पाणी मी रोज घालायचो, शहरात आल्यावर तेवढीच एक गोष्ट हाताशी होती. बुडखे सडले. एकच काडी उरली तेव्हा कबूल केलं.

मग फोनवर माझी शाळा सुरू झाली. काडी खुडल्यावर अर्धा दिवस तशीच पडू दे, तोंड वाळू दे. मातीत निम्मी रेती घाल. दोन दिवस पाणी दाखवू नको. गच्चीवर ने. फूल येऊन गेलं की शेंडा खुड, म्हणजे फाटे फुटतात. "लाड नको करू त्याचे," दादा सांगायचा. "ते आपल्यासारखं हाये. जास्त खायला-प्यायला भेटलं का मरते." असं म्हणून स्वतःच हसायचा. मी घरमालकाच्या हातापाया पडून डबा गच्चीवर ठेवला. उन्हाळ्यात एके दिवशी सकाळी शिफ्टवरून आलो तर पिवळं फूल उघडलं होतं. मी कंपनीत लागल्याचं जेवढं कौतुक दादाला नव्हतं तेवढं त्या फुलाचं झालं.

माझ्यासारखे गावातून निघून चाकणला, सुरतला, हैदराबादला गेलेले जे कुणी हे वाचत असाल, त्यांना हे सांगायला नको की बोली कशी जाते. ती एकदम जात नाही. आधी 'मले'चं 'मला' होतं, कारण सुपरवायझर हसतो. मग 'काहून'चं 'का' होतं. मी 'अ‍ॅडजस्ट' म्हणायला शिकलो, 'टार्गेट' म्हणायला शिकलो. चार वर्षांनी गावी गेलो तर माय शेजारणीला कौतुकाने म्हणाली, "पेपरातल्यावानी बोलते आता." मलाही ते आवडलं होतं. शब्द बदलतात तेवढंच मला दिसत होतं. त्या शब्दांचे अर्थ आपल्या कानात बदलतात, हे मला माहीत नव्हतं.

आमच्याकडे कपाशीवर मारायच्या विषाला विष म्हणत नाहीत. औषध म्हणतात. औषध आणलं, औषध मारलं, औषध कालवलं. दुकानदार औषध म्हणतो म्हणून आपण म्हणतो आणि पोटात घ्यायच्या गोळीलाही औषधच म्हणतो. ज्या वर्षीचं सांगतो त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी माणसापेक्षा उंच झाली होती, अळी हटत नव्हती, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी फवारणी होती. दादा पाठीवर पंप घेऊन दिवसाला दोन-दोन वावरं फवारायचा. डोक्यावरच्या झाडाला मारलेलं औषध त्याच्याच तोंडावर उतरायचं. रुमालाखेरीज काही नाही. हाताला चट्टे आले, खाज सुटली. फोनवर मला म्हणाला, "खाजून राह्यलं बे लय, झोप नाही येत." मी चाकणच्या डॉक्टरला विचारून मलमाची ट्यूब घेतली आणि गावी निघालेल्या एकाच्या हाती पाठवली. वर बजावलं की सकाळ-संध्याकाळ नेमाने लाव. काम बंद कर असं मी म्हणालो नाही. ट्यूब पाठवल्यावर मला माझंच कौतुक वाटत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी कंपनीत लाइन सुरू असताना फोन वाजला. दादाच्याच फोनवरून, पण माय. ती स्वतः कधी फोन लावत नसे.

"अन्या, सुधाले औषध लागलं रे," ती म्हणाली.

आणि मी म्हणालो, "वा! बरं झालं."

गेल्या कित्येक वर्षांत 'लागलं' हा शब्द घरून फक्त चांगल्या बातमीसाठी आला होता. काडी लागली, नोकरी लागली. औषध म्हणजे माझी ट्यूब. माझ्या कानाला एवढं पुरलं. मी पुढे हेही म्हणालो, "मी म्हटलं नव्हतं का? नेमाने लावत राहा म्हणावं त्याला." तिने ऐकून घेतलं. मग "हो" म्हणाली. मागे सुपरवायझर उभा होता, मी फोन ठेवला. ऊन लागतं, झळ लागते, तसं आमच्याकडे औषध लागतं. वावरात फवारताना माणूस भोवळ येऊन पडला की बाया हेच ओरडत येतात. लहानपणी मी ते दहादा तरी ऐकलं असेल.

संध्याकाळी फोन लावला तर दादाचा मोबाईल बंद. लाइट गेली असेल, चार्जिंग नसेल, असं म्हणून मी जेवलो आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारी गावातल्या एकाचा फोन आला. तो संतापून ओरडला, "तू अजून तिथंच हाये? भाऊ काल सकाळपासून यवतमाळच्या दवाखान्यात पडला हाये!" तेव्हा मला तो शब्द ऐकू आला. मायच्या आवाजात, जसाच्या तसा. मशीनचा आवाज चालू होता तरी ऐकू आला.

मी निघालो, पण दादा त्याच संध्याकाळी गेला. पहिला दिवस आणि रात्रभर तो शुद्धीवर होता, बोलत होता, हे मला तिथे पोचल्यावर समजलं. सकाळच्या त्या फोननंतर लगेच निघालो असतो तर त्याच्या तोंडून माझं नाव तरी ऐकलं असतं. हा हिशेब मी इतक्यांदा केला आहे की आता त्यात चूक काढायला जागा उरलेली नाही. विहारात वंदना झाली तेव्हा माय माझ्या शेजारी बसली होती. तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. गावानेही नाही, पण लोक माझ्याशी जपून बोलत होते. पाहुण्याशी बोलावं तसं.

ते 'बरं झालं' काय होतं हे मी मायला सांगितलं नाही. जायचो, पैसे-कपडे द्यायचो, दोन दिवस राहून निघायचो. पुण्याला चल म्हणालो की ती मान हलवायची. मी मात्र दस बजे लावत राहिलो. आता सोसायटीत राहतो, कंपाउंडच्या भिंतीलगत चाळीस फूट लांब ताटवा आहे. पावसाळ्यात मुळाशी पाणी साचू नये म्हणून मुरूम टाकून उंचवटा केला आहे. शेंडे खुडतो, पिठासारखी पांढरी कीड आली की तेवढी काडी तोडून टाकतो. बायका म्हणतात, किती सुंदर, शिवाय नो मेंटेनन्स! एकदा सेक्रेटरी म्हणाले, "अळी दिसतेय, औषध मारून घेऊ." मी त्यांच्यावर असा काही खेकसलो की ते आजही लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत. मी माफी मागितलेली नाही.

तिसऱ्या वर्षी गेलो तेव्हा सांगून टाकलं. माय सुपात तूर पाखडत होती. मी म्हटलं, "माय, त्या दिवशी मले वाटलं का मी पाठवलेल्या मलमाचा गुण आला. म्हणून बरं झालं म्हणालो." खूप वर्षांनी माझ्या तोंडून 'मले' आलं. सूप थांबलं. ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि मला वाटलं आता ही रडेल किंवा मला मारेल. दोन्हींतलं काहीही चाललं असतं.

"मलम?" ती म्हणाली. तिला ट्यूब आठवतही नव्हती. मग हळूच म्हणाली, "मले वाटलं, लोकायसमोर असंन, काही बोलता येत नसंन. मंग वाटलं, हा आता येत नाही."

मी खाली सांडलेले तुरीचे दाणे वेचू लागलो.

"तो घडीघडी पुसे," माय म्हणाली. "अन्या निघाला का? मी सांगो, हो बाप्पा, निघाला. मंग पुसे, कुठंलोक आला? मी सांगो, आता कारंज्याच्या अलीकडं हाये. मंग सांगतलं, दारव्ह्याला पोचला. मले तरी कुठं मालूम तू कोण्या रस्त्यानं येतं." तिने सूप पुन्हा हलवायला घेतलं. "शेवटी म्हणाला, आता जवळच हाये मंग. अन् डोये मिटले."

घर म्हणजे काय, असं आपल्यातलं कुणी ना कुणी सणासुदीला विचारतं. मला तेव्हा तो रस्ता आठवतो. चाकणहून निघून कारंजा, दारव्हा करत मायच्या बोलण्यातला एक माणूस त्या दिवशी माझ्या नावाने दादाकडे येत होता, आणि दादाने फक्त त्यालाच ओळखलं. तो माझ्यापेक्षा चांगला भाऊ होता. दर वर्षी त्याच रस्त्याने मी जातो, दारव्हा मागे पडतं, गावही येतं, आणि मला माहीत असतं की तो पोचला तिथे मी अजून पोचलेलो नाही.